इंजिन बंद ठेवू, पण सावली कोण देणार?

लॉस एंजेलिसपासून पूर्वेला तासभर गाडी चालवली की ऑन्टॅरिओ येतं. लग्नानंतर मी इथे आले आणि इथलीच झाले. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांत उतरलेला माल इथल्या आणि शेजारच्या फोन्टानातल्या गोदामांत येतो, त्यामुळे रस्त्यावर रात्रंदिवस ट्रकच ट्रक. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. त्या उन्हातही कॅलिफोर्नियाचा कायदा ड्रायव्हरला बजावतो, की उभ्या गाडीचं इंजिन पाच मिनिटांच्या वर चालू ठेवायचं नाही. ठेवलं तर दंड 300 डॉलरपासून पुढे.

कायदा योग्यच आहे. डिझेलच्या धुरातले बारीक कण विषारी असल्याचं कॅलिफोर्नियाने 1998 मध्येच जाहीर केलं. 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही डिझेलचा धूर कर्करोगाला कारणीभूत ठरतो, असा निर्वाळा दिला. इथे गोदामांना लागून घरं आहेत, शाळा आहेत. तिथल्या मुलांनी रांगेतल्या ट्रकांचा धूर का सोसायचा? शिवाय मोठं इंजिन नुसतं उभ्याउभ्या तासाला तीनेक लिटर डिझेल जाळतं.

पण ट्रक म्हणजे ड्रायव्हरचं घरही असतं. अकरा तास गाडी चालवली की सलग दहा तास विश्रांती, असा अमेरिकेतला नियम आहे आणि लांब पल्ल्याचा ड्रायव्हर ती सीटमागच्या बिछान्यावरच घेतो. 2008 पासून अशा ट्रकांनाही पाच मिनिटांची अट लागली. मग वाटा निघाल्या. कुणी बॅटरीवर चालणारा एसी बसवला, कुणी छोटं जादा इंजिन. काही तळांवर विजेची जोडणी मिळू लागली. उभं असताना कमी धूर सोडणाऱ्या प्रमाणित इंजिनांना वस्तीपासून दूर सूटही मिळाली. मात्र अशी यंत्रणा बसवायला हजारो डॉलर पडतात. मोठ्या कंपनीला ते झेपतं. एकाच ट्रकावर संसार चालवणाऱ्याला ते जड जातं आणि इथले कितीतरी पंजाबी ड्रायव्हर तसेच आहेत. फोन्टानातल्या ढाब्यावर भेटलेले एक वयस्कर ड्रायव्हर मला म्हणाले, “बेटा, धूर थांबला हे चांगलंच झालं. पण आम्हाला गेटवर तासन् तास उभं करतात, त्यांना कुणी जाब विचारत नाही.”

हे ऐकलं आणि माझं मन थेट बारामतीला पोचलं. माझं माहेर तिथलं. एमआयडीसीत दुधाचे पदार्थ, चॉकलेट, तीनचाकी गाड्या, पोलादी नळ्या, कापड असं कितीतरी बनतं. इंदापूर तालुक्यात भिगवणला कागद बनतो आणि हंगामात साखर कारखान्यांसमोर उसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात. पाच मिनिटांचा कायदा तिकडे नाही. तरीही उभ्या ट्रकाचं इंजिन बंदच असतं, कारण जळणाऱ्या डिझेलचा हिशोब मालकाला द्यावा लागतो. एप्रिल-मेमध्ये ऊन रखरखीत. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांत इंजिन कॅबिनखालीच असतं, त्यामुळे बंद केल्यावरही पायाखालून धग येत राहते. मग ड्रायव्हर आणि क्लीनर गाडीखाली चाकांमधल्या सावलीत पथारी टाकतात. ती सावली जिवावर बेतू शकते. नंबर लागला की घाईघाईत गाड्या हलतात आणि खाली कोण झोपलंय हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

भारतात 2025 पासून नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना एसी कॅबिन सक्तीची झाली. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी लावून धरलेला हा निर्णय मला मनापासून मोलाचा वाटतो. पण ट्रान्सपोर्टचा धंदा करणाऱ्या माझ्या चुलतभावाला मी फोनवर हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “अगं, एसी इंजिनावर चालतो. गेटवर इंजिन बंद, म्हणजे एसीही बंद. आणि आमच्या जुन्या गाड्या अजून कितीतरी वर्षं पळणार.” धावत्या गाडीत निदान वारा तरी लागतो. ड्रायव्हर खरा होरपळतो तो गाडी थांबल्यावर.

ऑन्टॅरिओ काय आणि बारामती काय, दुखणं एकच आहे. जो थांबवतो, त्याला थांबवण्याची किंमत मोजावी लागत नाही. आत माल उतरवायला माणसं कमी, कागद अपुरे, वजनकाट्यावर गर्दी. त्याचा ताप बाहेर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला. गाडी थांबवून ठेवल्याचे, म्हणजे हॉल्टिंगचे, पैसे मिळालेच तर ते गाडीच्या मालकाला. कॅलिफोर्नियात 2005 पासून उघड्यावर राबणाऱ्या कामगारांसाठी उष्णतेचे नियम आहेत. माणशी तासाला लिटरभर पिण्याचं पाणी आणि पारा 27 अंशांच्या आसपास पोचला की सावली, ही सोय मालकाने करायलाच हवी. पण ते संरक्षण कामगाराला. स्वतःची गाडी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभा असलेला ड्रायव्हर इथेही वाऱ्यावरच राहतो.

आपल्याकडे केंद्र सरकारने 2024 मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात 1000 विश्रांतीगृहं जाहीर केली. ती व्हायलाच हवीत. पण कारखान्याच्या गेटवर रांगेत असलेला ड्रायव्हर नंबर सोडून पुणे-सोलापूर रस्त्यावर विसाव्याला कसा जाणार?

म्हणून सोय गेटवरच हवी, आणि ती करायला लावण्याचा अधिकार एमआयडीसीकडे आहे. भूखंड तीच देते, रस्ते-पाणी तीच पुरवते, बांधकामाला परवानगीही तीच देते. परवानगी देतानाच ट्रकांसाठी आवारात जागा, पंख्याची शेड, पिण्याचं पाणी, संडास-न्हाणीघर यांची अट घालावी. नंबर मोबाइलवर कळवावा, म्हणजे कॅबिनमध्ये अडकून बसावं लागणार नाही. ठरलेल्या तासांपुढे हॉल्टिंग आपोआप लागू व्हावं आणि त्यातला वाटा ड्रायव्हरच्या हातात पडावा. असं झालं तर गेटच्या आतली कामंही भराभर उरकतील, कारण उशीर कंपनीलाच महाग पडेल. उद्या आपल्याकडेही इंजिन बंद ठेवण्याचा कायदा येईल आणि तो यावाच; पण त्याआधी ही सोय झाली, तर त्याचा भार एकट्या ड्रायव्हरवर पडणार नाही.