पापाच्या तिकटीवरचा सौदा

अंबाबाईचे दर्शन झाले, तांबडा-पांढरा रस्सा झाला, आणि ‘एवढे कोल्हापूरला आलोच आहोत तर–’ असे सौभाग्यवतींनी म्हणताच आम्ही ओळखले, की आता चप्पल! महाद्वार रोडने पापाच्या तिकटीकडे निघालो. कातड्याच्या वासाने वाट दाखवली.

“बसा पावणं. वैनी, तुमी बी बसा.”

जोडी पसंत पडली. किंमत नऊशे. आम्ही शिरस्त्याप्रमाणे सातशे म्हणालो. दुकानदार रागावला नाही. त्याने चप्पल उलटी करून पुढे धरली.

“ह्यात एक तरी खिळा दावा.”

खिळा नव्हताच. सारी शिवण चामड्याच्याच वादीची. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, वर बारीक वेणी. ती बायकांच्या हातची. मग तो हळूच म्हणाला, “इटलीवाल्याला सातशे म्हणाला असता का?”

निरुत्तर झालो. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडाने थेट अशाच चपला मिरवल्या, त्याही कोल्हापूरचे नाव न घेता. किमतीचे आकडे लाखाच्या घरात छापून आले. इकडे गदारोळ उठला, तेव्हा कंपनीने मूळ कबूल केले. जुलैत तिची माणसे इथल्या कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरात करार झाला: दोन हजार जोड भारतातच बनवायचे, किंमत सुमारे ८०० युरो. म्हणजे ऐंशी हजारांच्या वर! चप्पल तीच, फक्त शिक्का नवा.

“ही कोल्हापुरातच बनलेली ना?” सौभाग्यवतींनी खात्री करून घेतली.

“न्हाई, अथणीची.”

त्यांचा चेहरा पडला. “मग खरी कोल्हापुरी दाखवा.”

दुकानदार खो खो हसला. २०१९ मध्ये या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. त्यात अथणीचा बेळगाव जिल्हाही आहे. अथणीची चप्पल कायद्यानेही कोल्हापुरीच! पण शिक्क्यावर भुलणारे काय मिलानमध्येच राहतात?

नऊशे मोजले. माझ्या पायांतल्या परदेशी नावाच्या बुटांना मी पुण्यात साडेपाच हजार दिले होते, ते काचेच्या दुकानात, भाव न विचारता. हे मात्र मी तिथे बोललो नाही.

“आठ दिस चावंल,” नवी जोडी माझ्यापुढे ठेवत तो म्हणाला, “मग पायाची हुईल.”

बूट वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत मारले, आणि करकर वाजवीत, थोडासा लंगडत, आम्ही तिकटी ओलांडली.