वाडी कुठली? : दोन महिन्यांच्या खोलीचा हिशेब

घर भाड्याने घेताना खिसा बघावा लागतो, हे कुणालाही सांगायला नको. आमच्या हिशेबात मात्र एक रक्कम अशी असते, जी कुठल्याच पावतीवर येत नाही. ती रक्कम जातीची.

आईच्या उपचारांसाठी आम्हाला दोन महिने रत्नागिरीत राहायचं होतं. मंडणगड तालुक्यातल्या गावाहून रोज ये-जा जमणारी नव्हती. हिशेब साधा होता : भाडं महिन्याला ६,००० रुपयांपर्यंत, एक खोली, स्वयंपाकाची सोय. थोड्या दिवसांसाठी खोली मिळणं मुळातच कठीण. मालकांना अकरा महिन्यांचा भाडेकरू हवा असतो. नाहीतर ते सुट्टीत पर्यटकांना दिवसाच्या दराने खोली देतात. त्यामुळे पहिले तीन नकार आम्ही निमूट घेतले. ते पैशाचे नकार होते.

चौथी खोली नाचण्याला पसंत पडली. भाडं ५,५००. दोन महिन्यांना मालकीणबाईंची हरकत नव्हती. मग आडनाव विचारलं. कोकणात गावावरून पडलेलं ‘कर’ लागणारं आडनाव कुठल्याही जातीचं असू शकतं, म्हणून पुढचा प्रश्न आला, ‘गाव कळलं हो, पण वाडी कुठली?’ हा प्रश्न भूगोलाचा नसतो. आमच्याकडे गाव जातवार वाड्यांत वाटलेलं आहे. आम्ही म्हणालो, ‘बौद्धवाडी.’ बाई आत गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, ‘आमच्या ह्यांनी खोली भाच्याला कबूल केलीय, मला ठाऊकच नव्हतं.’

दुसऱ्या एका घरी ‘आम्हाला शाकाहारीच हवेत’ असं उत्तर मिळालं. त्यांच्याच स्वयंपाकघरात तेव्हा बांगडा तळला जात होता.

इथवर नवीन काही नाही. लिहावंसं वाटलं ते पुढच्या प्रसंगामुळे. आपल्याच समाजातल्या एका नोकरदार बांधवांचा फ्लॅट रिकामा होता. ते तयार झाले. भाडंही कमी सांगितलं. फक्त आवाज खाली करून म्हणाले, ‘सोसायटीत आम्ही कुणाला सांगितलेलं नाही. बाबासाहेबांचा फोटो लावू नका, आणि जिन्यात जयभीम नको.’ आम्ही तो फ्लॅट घेतला नाही.

त्यांचा राग करणं सोपं आहे. पण ही भीती आली कुठून? १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. रोज दीड रुपया देऊन ते पारशी नावाने एका पारशी सरायीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, दोन्ही मित्रांनी घरात घेण्याचं टाळलं. बागेत बसून दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. नाव लपवून मिळालेलं छप्पर अकरा दिवसच टिकलं. पुढे बाबासाहेबांनी नाव लपवलं नाही. नाव विचारणाऱ्या व्यवस्थेलाच जाब विचारला.

आज कायदा आपल्या बाजूने आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार, अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहायला अटकाव करणं हा गुन्हा आहे. पण ‘भाचा’ कोर्टात उभा करता येत नाही. नकाराचं कारण कुणी तोंडाने बोलत नाही, तिथेच कायदा अडतो.

म्हणून हे काम आपल्यालाच करावं लागेल. शहरात ज्यांची घरं झाली, ती आरक्षणाने, म्हणजे चळवळीने झाली. गावाकडून शिकायला, दवाखान्याला, परीक्षेला येणाऱ्या माणसाला त्यातली एक खोली उघड नावाने, रास्त भाड्याने द्या. आणि तोंडी व्यवहार नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लेखी, नोंदणीकृत करार करणं ही मालकाची जबाबदारी आहे. करारावर दोघांचीही खरी नावं असतात.

शेवटी आम्हाला कुवारबावला ८,५०० रुपयांत जागा मिळाली. त्या मालकाने वाडी विचारली नाही. नाचण्याच्या खोलीपेक्षा महिन्याला ३,००० जास्त, दोन महिन्यांचे ६,०००. आईच्या औषधांसाठी ठेवलेल्या पैशातून ते गेले. पावती फक्त भाड्याची मिळाली.

आईने पहिल्या दिवशी भिंतीवर खिळा ठोकायला लावला आणि फोटो लावला. दारही उघडंच ठेवलं.

जयभीम.