दहाच्या आकड्यानं केलेली फजिती

कॉम्प्युटरचा वेग फुकटात दीडपट करता येतो, असं कुणी सांगितलं तर तुम्ही काय कराल? मी काय केलं, ते ऐका.

१९९९ सालचा मे महिना. कोपरगावात माझ्या काकांचं डी.टी.पी.चं दुकान होतं. लग्नसराईमुळे दिवसभर पत्रिकांचं काम चाले. अकरावीची परीक्षा संपवून मी मदतीला गेलो होतो. मदत कमी नि उचापती जास्त!

दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर होता. १९९८ साली आलेल्या या प्रोसेसरचा वेग ३०० मेगाहर्ट्झ. तो कसा येई? मदरबोर्डचा ठेका ६६.६ आणि प्रोसेसर त्याच्या साडेचारपट पळे. हे साडेचार बदलता येत नसत. पण ठेका १०० करता येई. करा गुणाकार. ४५०! यालाच म्हणतात ओव्हरक्लॉकिंग.

गोम पुढेच होती. त्या मदरबोर्डवर मेमरीसुद्धा त्याच ठेक्यावर चाले. आमच्या भागात साखर कारखाने आहेत, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. गव्हाण आणि चरक एकाच पट्ट्यावर फिरतात असं समजा. चरक जोरात फिरवला, तर गव्हाणीलाही पळावं लागेल. तिला झेपलं नाही, तर ऊस सांडेल. मेमरीला झेपलं नाही, तर आकडे सांडतात.

१०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा कोटी ठोके. एका ठोक्याला १० नॅनोसेकंद. आमच्या मेमरीच्या चिपवर १० हाच आकडा होता. मी म्हटलं, बरोबर बसतंय की! पण पीसी-१०० म्हणून विकल्या जाणाऱ्या मेमरीवर सहसा ८ किंवा त्याहून लहान आकडा असे. उरलेला वेळ वाया जात नाही. संकेताला तारेतून जायला-यायला तो लागतो. हे मला कुठं ठाऊक!

सकाळी सगळं झकास चाललं. दुपारी दुकानाचा पत्रा तापला. चिपही तापल्या, नि तापलेली चिप आणखी मंदावते. संध्याकाळी काका प्रूफ वाचत होते. मुहूर्त होता ११ वाजून ४५ मिनिटं. कागदावर आलं होतं ५५.

"हे तू बदललंस का रे?"

"नाही काका."

खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. कॉम्प्युटरच्या लिपीत ४ आणि ५ यांत एकाच बिटचा फरक असतो. शून्याचा एक झाला, की मुहूर्त हुकला! रात्री मला जेवण जाईना. शेवटी सगळं सांगून टाकलं.

काका एवढंच म्हणाले, "अरे, गंमत तुझी, पण मुहूर्त लोकांचा आहे."

ठेका पुन्हा ६६ वर आणला. त्या दिवशीची प्रत्येक पत्रिका आम्ही दोघांनी हस्तलिखिताशी पडताळली. रात्रीचे दोन वाजले.

आता काळ बदलला आहे. मेमरीचा वेग बहुधा वेगळा ठरवता येतो, नि सगळेच प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू देत नाहीत. तरी मेमरी निवडायची रीत तीच. लागेल त्याहून थोड्या जास्त वेगाची घ्या. पट्ट्या जोडीच्या घ्या, कारण सर्वांत हळू पट्टीच सगळ्यांचा वेग ठरवते. बसवल्यावर रात्रभर मेमटेस्ट चालवा. एकही चूक दिसली, तर वेग कमी करा. आणि घरच्यांच्या कामाच्या कॉम्प्युटरवर प्रयोग नको!

जाता जाता एक गणित. डीडीआर-४ मेमरीवर ३२०० लिहिलेलं असतं, तेव्हा तिचा ठेका त्याच्या निम्मा, १६०० मेगाहर्ट्झ असतो. सीएल १६ म्हणजे उत्तर यायला १६ ठोके. किती नॅनोसेकंद झाले? आता ३६०० आणि सीएल १८ चं काढा. मोठा आकडा पाहून भुलायचं की नाही, ते तुमचं तुम्हांलाच कळेल!