लगाम धरणाऱ्याचं नाव

सारंगखेड्याच्या यात्रेची बातमी बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघते. दत्तजयंती, एकमुखी दत्ताच्या दर्शनाची रांग, तापीकाठचा घोडेबाजार, मग एखाद्या देखण्या घोड्याचं नाव, उंची, खुराक आणि मालकाने सांगितलेली किंमत. आकडा मोठा असला की मथळा त्याचाच. छायाचित्रात घोड्याचा लगाम धरून एक माणूस उभा असतो. खालच्या ओळीत त्याचं नाव नसतं.

या भागातल्या शाळकरी मुलांना मी बातमी लिहायला शिकवते, तेव्हा अशीच कात्रणं वर्गात वाटते. ज्याचं नाव छापलंय त्याच्याखाली रेघ मारायची, ज्याचं बोलणं छापलंय त्याच्याभोवती गोल करायचा. मालक, पुढारी, अधिकारी, खरेदीदार यांच्याभोवती गोल पडत जातात. घोड्याच्या नावाखालीही रेघ येते. खरारा करणारा, नाल ठोकणारा, तमाशाच्या फडाची राहुटी उभारणारा, चुलीपुढे भाकरी थापणारी बाई, ही सगळी 'गर्दी' या एका शब्दात मावलेली असतात. वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईबाप त्याच गर्दीत कामाला असतात. त्यामुळे हा धडा समजावून सांगावा लागत नाही.

सारंगखेडा ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, तिथे सुमारे 69 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. बाहेरून पत्रकार येतो तो बहुतेक कुपोषण किंवा स्थलांतर घेऊन. ते प्रश्न खरे आहेत, लिहायलाच हवेत. पण भिल्ल किंवा पावरा माणसाला फक्त त्याचं दुःख विचारायचं आणि ज्ञान विचारायला दुसऱ्या कुणाकडे जायचं, ही वाटणी मला मान्य नाही. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातलं पहिलं आधार याच जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभलीत दिलं गेलं. पंतप्रधान आले, कॅमेरे आले. त्यानंतर टेंभलीला आधारचं काय झालं एवढंच विचारलं जातं. तिथल्या शेतीत काय पिकतं, हे कुणी विचारत नाही.

म्हणून माझ्या वर्गात 'तुम्हाला कसं वाटतं?' हा प्रश्न चालत नाही. आधी काम विचारायचं. हात कशावर फिरतो, नजर कुठे जाते, चूक झाली तर कशी कळते? यात्रेत एका मुलीने नालबंदाला विचारलं, "चाचा, खिळा ठोकताना घोड्याला दुखत नाही, हे तुम्हाला कसं समजतं?" त्यांनी खूर मांडीवर घेऊन दाखवलं. खुराची बाहेरची भिंत नखासारखी असते, खिळा तिच्यातून तिरपा बाहेर निघाला पाहिजे. तो आत मऊ भागाकडे वळला की हातोडीचा आवाज बदलतो. दुसऱ्या गटाला एका घोडेवाल्याने भोवरे कुठे शुभ मानतात, दातांवरून वय कसं काढतात, रेवाल चालीत पाठ किती स्थिर राहते, ते सांगितलं. हे सगळं घोड्याच्या मालकालाही सांगता आलं असतं, पण ते कळलं रोज घोडा हाताळणाऱ्याकडून.

मग लिहायचं. बोलणाऱ्याचं वाक्य त्याच्याच बोलीत, भिलीत, पावरीत, अहिराणीत; खाली मराठीत अर्थ. म्हणून जोड्या लावताना एक भिली बोलणारं आणि एक अहिराणी किंवा गुजरी बोलणारं मूल एकत्र ठेवते. बातमी भिंतीवर लावण्याआधी ती ज्याची आहे त्याला वाचून दाखवायची. तो 'हे काढ' म्हणाला, तर काढायचं. आजारी लेकराचा फोटो आईबापाला न विचारता घ्यायचा नाही, आणि विचारूनही छापायचा का, हे वर्गाने मिळून ठरवायचं. हे नियम मुलांना जड जात नाहीत. मोठ्या पत्रकारांच्या कार्यशाळेत मात्र याच नियमांवर सगळ्यात जास्त वाद होतो.

आपली गोष्ट आपणच सांगायची, हा हट्ट जुना आहे. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. शहादा परिसरातल्या चळवळीत घडलेले कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता विचारते तेही हेच, की आमचं दुःख आम्हालाच कोण सांगतंय? चित्रकूटला 2002 पासून गावच्या बायका, त्यांतल्या कितीतरी दलित, 'खबर लहरिया' हे वृत्तपत्र बुंदेलीत चालवू लागल्या. बातमीचं शिक्षण मिळालं की लोक हे काम करतात, याला याहून वेगळा पुरावा कशाला? जळगावच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकणाऱ्यांनी एक सत्र इथल्या आठवडे बाजारांत काढावं, आणि आमच्या मुलांनी त्यांना शिकवावं, असं मी भेटेल त्याला सांगत असते.

एक अडचण मात्र मोठी आहे. यात्रा मार्गशीर्षात, आणि दिवाळी सरली की कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघालेली असतात, मुलंही सोबत. यात्रेच्या बातम्या लिहायला नेमकी तीच नसतात. म्हणून आता वर्ग पावसाळ्यातच उरकायचे, आणि जाणाऱ्यांनी उसाच्या फडावरून आईबापाच्या फोनवर बोलून बातमी पाठवायची, असं ठरवलंय. पहिला प्रश्न मुलांनीच निवडला आहे: मुकादमाकडून उचल घेताना हिशेब कुणाच्या वहीत लिहितात, आणि ती वही आपल्याला बघायला मिळते का?