कसबाहच्या पायऱ्यांवरचा लढा

गोऱ्यांच्या राज्याविरुद्धच्या लढ्यांवर चित्रपट पुष्कळ निघाले. नायक घोड्यावर, खलनायक दात-ओठ खाणारा आणि शेवटी झेंडा. घरी पोहोचेपर्यंत सारे विसरून जावे! 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स' हा १९६६ सालचा कृष्णधवल चित्रपट त्या जातीचा नाही. इटालियन दिग्दर्शक जिलो पोंतेकोर्व्हो यांनी तो अल्जेरियाच्या राजधानीत, ज्या कसबाह वस्तीत लढा झाला तिथल्याच गल्ल्यांत आणि पायऱ्यांवर चित्रित केला. माणसेही तिथलीच. फ्रेंच कर्नलचे काम करणारे ज्याँ मार्तां तेवढे पेशेवर नट. लढ्याचे एक पुढारी यासेफ सादी यांनी तर निर्मितीत भाग घेऊन पडद्यावर जवळजवळ स्वतःचीच भूमिका केली. त्यात बातमीपटाचा एक फूटही नाही, तरी आपण प्रत्यक्ष घटनाच पाहत आहोत असे वाटते.

हा चित्रपट पाहिलेली आमची तरुण मुले विचारतात, "म्हणजे बॉम्ब फोडल्याशिवाय कुणी ऐकतच नाही का?" प्रश्न सरळ आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितले की, रक्तपाताचे मार्ग आता सोडले पाहिजेत. परंतु त्याच भाषणात त्यांनी हेही म्हटले होते की, सनदशीर मार्ग खुले नसतील तेव्हा इतर मार्गांचे समर्थन होऊ शकते. मग अल्जेरियात कोणता मार्ग खुला होता? १९४७ च्या कायद्याने तिथे १२० जागांची विधानसभा दिली. त्यांतल्या ६० जागा मुख्यतः दहा लाखांहून कमी गोऱ्यांच्या मतदारसंघाला आणि ६० जागा पाऊण कोटीहून अधिक मुसलमानांना! जागांच्या हिशेबातली ही लबाडी आम्हांला कुणी समजावून सांगायला नको. एवढे करूनही १९४८ च्या निवडणुकीत सरकारने उघड गैरप्रकार केले. १९५४ साली बंड पेटले ते या पार्श्वभूमीवर.

तरीही हा चित्रपट बॉम्बचे गुणगान करीत नाही. आधी गोरे लोक रात्रीच्या अंधारात कसबाहमध्ये स्फोट घडवतात, झोपलेली कुटुंबे ढिगाऱ्याखाली जातात. मग तीन अल्जेरियन स्त्रिया केस कापून, फ्रेंच पोशाख करून, पहारा ओलांडून शहरात बॉम्ब ठेवतात. त्यांतली एक उपाहारगृहात बसून आजूबाजूला पाहते. आइस्क्रीम चाटणारे एक लहान मूल तिच्या नजरेला पडते. ते चेहरे कॅमेरा आपल्याला चुकवू देत नाही. मेलेल्यांसाठी वाजणारे शोकसंगीतही दोन्हीकडे एकच.

प्रत्यक्षात हे स्फोट ३० सप्टेंबर १९५६ चे. त्यानंतर दोनच आठवड्यांनी नागपूरला लाखो माणसांनी धम्म स्वीकारला आणि नोव्हेंबरमध्ये काठमांडूला बाबासाहेब बुद्ध आणि मार्क्स यांच्या मार्गांची तुलना करीत होते. अल्जेरियन माणसाला आम्ही येथून दोष देणार नाही. पण त्या मुलाचा चेहरा पाहून ज्याच्या पोटात कालवत नाही, त्याने चित्रपट नीट पाहिलाच नाही असे आम्ही म्हणू. आणखी एक दृश्य आम्हांला खटकले. वस्तीतून दारू हद्दपार करण्यासाठी पोरांचा घोळका एका दारुड्याला पायऱ्यांवरून ओढत नेतो. दारूबंदी आम्हांलाही हवी, पंचशीलच ते सांगते; पण अशी नव्हे.

फ्रेंच कर्नलही राक्षस म्हणून दाखवलेला नाही. कैद्यांच्या छळाबद्दल पत्रकार विचारतात, तेव्हा तो शांतपणे उलट विचारतो की, फ्रान्सने अल्जेरियात राहावे का? हो म्हणत असाल तर त्यासाठी जे करावे लागेल तेही पत्करा. साम्राज्य कसे चालते हे याहून थोडक्यात आम्ही कुठे ऐकले नाही. त्याच कर्नलच्या कैदेतील पुढारी बेन म्हिदी यांनी गळफास घेतला असे चित्रपटात सांगितले जाते. १९५७ साली सरकारनेही तेच सांगितले होते. त्यांना फ्रेंच सैनिकांनीच मारले, हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्य केले ते नोव्हेंबर २०२४ मध्ये! ६७ वर्षे लागली. चित्रपटावरही फ्रान्समध्ये काही वर्षे बंदीच होती. उलट २००३ साली इराकच्या युद्धात अडकलेल्या अमेरिकेच्या लष्करी मुख्यालयाने तो मुद्दाम आपल्या अधिकाऱ्यांना दाखवला.

आमच्या मनात मात्र गच्चीवरचा प्रसंग राहिला आहे. बेन म्हिदी अलीला समजावतात की, बंड सुरू करणे अवघड, टिकवणे त्याहून अवघड, पण खऱ्या अडचणी जिंकल्यावरच सुरू होतात. १९६२ साली देश स्वतंत्र झाला. ज्या स्त्रियांनी बॉम्ब नेले, तुरुंग भोगले, त्यांच्याच देशात १९८४ साली कुटुंब कायदा आला आणि लग्नासाठीसुद्धा प्रौढ बाईला पुरुष पालक लागेल असे ठरले. २००५ साली त्यात थोडा बदल झाला, एवढेच. हिंदू कोड बिलापायी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद का सोडले, हे ज्या घरात माहीत आहे तिथे यावर अधिक बोलायला नको.

चित्रपट दोन तासांचा आहे. छळाची दृश्ये फार भयंकर आहेत, तेव्हा लहान मुलांना आधी झोपवावे. मोठ्या मुलींना मात्र जरूर सोबत बसवावे.