घरची स्थळप्रत

आमच्या कचेरीत एक साधा नियम आहे. कोणतेही पत्र बाहेर जाताना त्याची स्थळप्रत फाईलला लागलीच पाहिजे. वीस वर्षे मी हा नियम पाळत आलो. घरी मात्र विसरलो, आणि त्याची हळहळ अजून जात नाही.

घोडेगावकडचे आमचे चुलते, त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांचा जन्म जुन्या आंबेगावातला. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि ज्याच्यावरून तालुक्याला नाव पडले ते गावच पाण्याखाली गेले. तिथला आपला वाडा कसा होता, पाणी कुठून भरायचे, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घरातले देव नदीत कसे सोडले, हे सांगणारे आमच्या भावकीत तेवढे एकच उरले होते. गेल्या वर्षावासात मी मोबाईल समोर ठेवून त्यांना बोलते केले. दोन बैठकांत तीन तास. दुसऱ्या बैठकीत त्यांनी डफ मागवून जलशातले गाणेही म्हटले.

हे चित्रण नीट कापून-जोडून चौदा एप्रिलला विहारात दाखवायचे ठरले. माझा लॅपटॉप २५६ जीबीचा. मोबाईलचे एचडी चित्रण मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी जागा खाते, म्हणजे तासाला सहा-सात जीबी. एडिटिंगचे सॉफ्टवेअर आपल्या तात्पुरत्या फायली बनवते, त्या वेगळ्याच. त्यात पुतणीच्या मंगल परिणयाचे चित्रण आधीच भरलेले. एका रात्री ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना आली. घाईघाईत मी जुने फोल्डर पुसले, रिसायकल बिनही रिकामी केली. त्यात नानांची दुसरी बैठक गेली. मोबाईल तर आधीच मोकळा केला होता. जुन्नरला एका दुकानात खटपट करून पाहिली, पण हाती काही लागले नाही.

पुन्हा बसवू म्हणेपर्यंत नाना गेले. गाण्याची सहा मिनिटे तेवढी धाकट्या मुलीने व्हॉट्सॲपवर पाठवली होती. चेहरा धूसर आहे, आवाज आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि मी एक टीबीची बाहेरून जोडायची हार्डडिस्क आणली. सगळे चित्रण तिच्यात हलवले, लॅपटॉप मोकळा केला. घरच्या मंडळींनी विचारले, “अहो, पण प्रत एकच राहिली की! ही डबी पोराच्या हातून पडली तर?” बीकॉम झालेल्या कारकुनाला हे सुचले नव्हते. मग भिशीचे पैसे आले तेव्हा दुसरी घेतली. ती भावाच्या घरी असते.

अनुभवाने शिकलो ते सांगतो. हार्डडिस्कच्या आत तबकडी फिरत असते, म्हणून चालू असताना ती हलवू नये आणि ‘इजेक्ट’ केल्याशिवाय वायर ओढू नये. लॅपटॉपला निळे यूएसबी छिद्र असेल तर तिथेच जोडावी. जुन्या छिद्रातून काम फार रेंगाळते. डिस्क ‘फॅट ३२’ पद्धतीची असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाईल घेत नाही. नवी असतानाच ‘एक्सफॅट’ करून घ्यावी, कारण तसे करताना आतले सगळे पुसले जाते. एसएसडी जलद, पण महाग. आपल्यासारख्यांनी चालू काम लॅपटॉपवर ठेवावे आणि मूळ चित्रण दोन डिस्कवर, दोन घरांत. सहा महिन्यांनी दोन्ही जोडून पाहाव्यात. आणि दोन ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय मोबाईलमधले काही पुसू नये.

हा खर्च आपल्याला जड जातो, हे मी जाणतो. पण वस्तीतल्या चार घरांनी मिळून एक डिस्क विहाराच्या कपाटात ठेवता येईल.

जुन्नरच्या लेण्यांत एक ब्राह्मी लेख आहे. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची त्यात नोंद आहे. ती माणसे राजे नव्हती, बाजारातली होती. त्यांनी आपली नोंद दगडावर ठेवली, म्हणून आपण ती आज वाचतो. आपल्या म्हाताऱ्यांचे बोलणे कोणी दगडावर कोरणार नाही. ते आपणच जपायचे आहे.

येत्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा, त्यांना बोलते करा. आणि त्याच रात्री स्थळप्रत काढा.

जयभीम!