गळलेली अक्षरे, राहिलेली अक्षरे

शब्द आखूड होतो तेव्हा त्यातून काय गळाले याची नोंद व्याकरण करते. काय राहिले आणि नेमके तेच का राहिले, हा प्रश्न मात्र व्याकरणाच्या कुंपणाबाहेर घेऊन जातो.

युरोपीय भाषांत या आखूडपणाचे अनेक प्रकार आढळतात. फ्रेंचमधील 'द' आणि 'ल' यांचा 'द्यु' होणे ही सक्ती आहे. तेथे बोलणाऱ्याला निवड नाही. इंग्रजीतील 'डू नॉट' आणि 'डोन्ट' यांत निवड आहे, आणि ती निवड प्रसंगाचे गांभीर्य सांगून जाते. लॅटिन 'ओम्निबुस' म्हणजे 'सर्वांसाठी'. त्यातील 'सर्व' गळाले, विभक्तिप्रत्ययाचा तुकडा राहिला, आणि तो तुकडाच 'बस' म्हणून जगभर धावू लागला. सर्वांत बोलके उदाहरण संबोधनाचे आहे. 'आपली कृपा' अशा अर्थाच्या आदरवाचक शब्दसमूहापासून स्पॅनिशमध्ये 'उस्तेद' आणि पोर्तुगीजमध्ये 'व्होसे' ही सर्वनामे झाली. स्पॅनिशमध्ये त्यातील आदर टिकला. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये मात्र 'व्होसे' बहुतेक ठिकाणी बरोबरीच्या माणसाला उद्देशून येते. मूळ एक, झीज एकसारखी, पण राहिलेले वेगळे.

आपल्याकडेही बोलीची झीज चालूच असते. तमिळ माणूस 'वन्दुविट्टेन'चे 'वन्दुट्टेन' करतो, मराठी माणूस 'आलो आहे'चे 'आलोय'. अशा झिजेने कोणाचे मन दुखावत नाही. माणसाच्या नावाचे तसे नाही. तेथे काय कापावे हे जीभ ठरवीत नाही, समाज ठरवितो.

चेन्नईतील अण्णा नगर ही वसाहत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १९६८ साली जेथे जागतिक व्यापार मेळा भरला, त्या परिसरात गृहनिर्माण मंडळाने ती वसविली. ज्यांचे नाव तिला मिळाले ते मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुरै १९६९ साली निवर्तले. 'सी' म्हणजे कांजीवरम् हे गाव, 'एन' म्हणजे पिता नटराजन. 'दुरै' या तमिळ शब्दाचा अर्थ स्वामी, धनी. 'अण्णा' म्हणजे थोरला भाऊ. लोकांच्या तोंडी धनी गळाला आणि भाऊ राहिला. अनुयायांना ते 'तम्बी', म्हणजे धाकटा भाऊ, असे संबोधून पत्रे लिहीत, हे ध्यानी घेतले म्हणजे हा संक्षेप केवळ सोयीचा वाटत नाही.

तमिळ नावाची रूढ घडण अशीच आहे. पित्याचे नाव एका अक्षरात मावते, स्वतःचे नाव पूर्ण असते, आडनाव नसते. आद्याक्षराची ही रीत जुनी आहे. परंतु १९२९ साली चेंगलपट्टू येथे भरलेल्या स्वाभिमान परिषदेने जातिवाचक नामप्रत्यय टाकून देण्याचा पुरस्कार केला, आणि त्यानंतर त्या रीतीला नवा अर्थ आला. मराठी नाव याच्या उलट वागते. 'वि. स. खांडेकर' यात लेखक आणि त्याचा पिता दोघेही अक्षरमात्र झाले आहेत. पूर्ण उरले ते आडनाव. मराठीत आडनाव पुष्कळदा गाव, वतन वा जात यांचा पत्ता देते. आपण स्वतःला आखडतो आणि कुळाला मोकळे ठेवतो. एखाद्या 'पु. लं.'च्या बाबतीत लोकप्रेमाने आडनावच गळून पडावे, हे भाग्य विरळा.

या दोन रीतींच्या सीमेवर एक मराठी माणूस उभा आहे. कुंभकोणम् येथे १८२८ साली तंजावरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण झाले. १८७५ पासून बडोद्याच्या मराठी दरबाराचा कारभार त्यांनी पाहिला, तो दाक्षिणात्य घडणीच्या नावानिशी. त्यातील 'टी' म्हणजे तंजावर. पूर्वजांनी जेथे आश्रय घेतला ते सारे राज्य एका अक्षरात सामावले; 'राव' मात्र सुटला नाही.

संक्षेप निरुपद्रवी असतो तो त्याचा उलगडा जाणणाऱ्यांच्या संगतीत. अण्णा नगरातील एखादा तरुण शिक्षणासाठी युरोपात जावयास निघतो, तेव्हा पारपत्रासाठी त्याला आद्याक्षर फोडून लिहावे लागते, आणि आडनावाच्या रकान्यात पुष्कळदा पित्याचे नाव जाते. ज्या चळवळीने आडनाव पुसले, तिच्या वारसाला ते परक्या रकान्यातून पुन्हा चिकटते. स्वतःच्या बोलण्यात दर वाक्याला अक्षरे गाळणारी ती भाषा येथे एकही अक्षर गाळू देत नाही. मग परदेशातील एखाद्या कचेरीत अधिकारी अदबीने ते नाव पुकारतो, आणि तो तरुण क्षणभर जागीच राहतो. हाक वडिलांना आली असे त्याला वाटते.